अर्ध्या मात्रेची मालकी

"इथे सीता घ्यायची," शिवरंजनी गिटारच्या तारांवर आडवा तळवा ठेवून म्हणाली. "ड्रम पुढे जाऊं दे, आवाज मागून. आणि पूर्ण सीता घ्या. अर्धीमुर्धी घेतली तर चूक वाटते."

मेलकावेरीतल्या त्या घराच्या मागच्या अंगणात पूर्वी गाय बांधलेली असे; आता तिथे दोन ॲम्प्लिफायर, एक ड्रम-संच आणि तीन मुली असत. ओसरीवर श्रीदेवी पेन्सिल हातात धरून वाचीत बसली होती. पान उलटल्याला वीस मिनिटे झाली होती. माणसाचे विशेषनाम सामान्यनाम व्हावे, ह्याहून मोठा सन्मान भाषेला करता येत नाही, असे तिने कॉलेजातल्या इंग्रजीच्या वर्गात तीस वर्षे शिकवले होते. तो सन्मान आपल्याच मैत्रिणीला मिळालेला रोज संध्याकाळी पाच ते सात ऐकावा लागेल, ह्याची तरतूद मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती.

सीता म्हणजे सीतालक्ष्मी. आणि 'सीता घेणे' म्हणजे वाद्ये सुरू झाल्यावर आवाजाने अर्धी मात्रा उशिरा शिरणे, आणि मग संपूर्ण गाणेभर तो उशीर न सोडणे. वाद्ये पुढे, बाई मागे; आणि बाईला त्याची पर्वा नाही. ही युक्ती प्रथम ज्या गाण्यात आली ते गाणे एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली मद्रासमध्ये मुद्रित झाले, आणि ते करणाऱ्या तिघींत श्रीदेवी एक होती.

तिघी एका महिला वसतिगृहात राहत. लंडनमधल्या काही बायकांनी त्याआधी दहा वर्षे ठरवले होते की वाद्य शिकून होईपर्यंत थांबायचे नाही, मंचावर चढायचे आणि तिथेच शिकायचे. त्यांच्या ध्वनिफितीच्या प्रतीची प्रत, आणि तिचीही प्रत, कोणाच्या तरी मामेभावाच्या सामानातून वसतिगृहात पोचली. तिच्यात गाण्यापेक्षा खरखर अधिक होती. तिघींना वाटले की पंक ह्या प्रकारात खरखर हीच कला असावी, आणि त्यांनी ती मनापासून आत्मसात केली. सीतालक्ष्मी गाई आणि गिटार वाजवी, भारती ड्रम वाजवी, श्रीदेवी बेस. मेळ्याचे नाव त्यांनी ठेवले 'एच्चिल'. तामिळीत एच्चिल म्हणजे उष्टे, थुंकी लागलेले, म्हणून बाटलेले. पेला ओठाला लावू नको, एच्चिल. शिजताना चव घेऊ नको, एच्चिल. ज्या घरांत त्या वाढल्या तिथे हा शब्द दिवसातून वीसदा मुलींच्या अंगावर येई. त्यांनी तो खडूने ड्रमवर लिहिला. एक कॅसेट निघाली, चार गाण्यांची. तीनशे प्रती. 'तोंड धू' हे त्यातले दुसरे गाणे, अर्ध्या मात्रेच्या उशिराचे.

मग लग्ने झाली, नोकऱ्या लागल्या. श्रीदेवी विद्वान झाली. पंकमधल्या स्त्रियांवर तिने एक ग्रंथ लिहिला, परदेशी विद्यापीठाने तो छापला, तीनशे बारा पृष्ठे. त्यांत लंडन होते, अमेरिकेच्या वायव्येकडली कॉलेजांची गावे होती, ब्राझील होते. कोणी कोणाकडून काय घेतले आणि ते अजून कसे टिकून आहे, ह्याचा काटेकोर हिशेब होता. मद्रासला तिने एक तळटीप दिली. तिचे वडील गोविंदपुरम्‌ला चाळीस वर्षे भजन म्हणत, आणि त्यांचा दंडक होता की स्वतःचे नाव स्वतः घ्यायचे नसते, मागून म्हणणाऱ्यांनी घ्यायचे असते. म्हणून तळटिपेत आले: 'गायिका सीतालक्ष्मी व अन्य दोघी'. अन्य म्हणजे कोण, असे कोणीतरी वाचक विचारीलच, अशी लेखिकेची विनयपूर्वक खात्री होती.

कोणी विचारले नाही. ग्रंथ निघून पंधरा वर्षे झाली तेव्हा ती कॅसेट कोणीतरी इंटरनेटवर चढवली, एका संशोधिकेने तळटीप उद्धृत केली, दुसरीने पहिलीला उद्धृत केले, आणि आता जगात सीतालक्ष्मीवर सात निबंध होते. अर्ध्या मात्रेच्या त्या उशिराला कोणी 'नकाराचे व्याकरण' म्हटले होते, कोणी 'घड्याळाविरुद्धचे बंड'. जकार्तापासून बंगळुरूपर्यंत मुली ती मात्रा उचलीत होत्या. सातही निबंधांच्या मुळाशी श्रीदेवीची तळटीप होती. म्हणजे मूर्ती तिनेच घडवली होती. पायथ्याशी पाथरवटाचे नाव तेवढे कोरायचे राहिले होते. मत्सर हा शब्द तिला सहा भाषांत येत होता. उपयोग एकाही भाषेत झाला नव्हता.

"आत्या, कशी झाली?" शिवरंजनीने अंगणातून विचारले. ती श्रीदेवीच्या धाकट्या भावाची मुलगी. बावीस वर्षांची, डोक्याची एक बाजू भादरलेली.

"काय कशी झाली?"

"सीता."

"अर्धी मात्रा उशीर झाला, येवढें कळलें."

"तेंच तर हवें आहे." घरात ते तंजावरी मराठी बोलत; पुण्याच्या एका परिसंवादात श्रीदेवीने ती बोलून दाखवली तेव्हा श्रोते कौतुकाने हसले होते, जणू बखर खुर्चीवर बसून चहा पीत होती. "सीताम्मा म्हणतात, उशीर हा पायांत असला पाहिजे, घशांत नव्हे."

"सीताम्मा फार म्हणायला लागल्या आहेत. शेतांत काम नाही वाटतें."

ड्रमवरची मुलगी हसली. शिवरंजनी हसली नाही. आत्याच्या तोंडून हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत ती दोन वर्षे ऐकत होती. "तुम्हांला सीताम्मा का आवडत नाहींत?"

"ती अर्धी मात्रा मी शिकवली तिला," श्रीदेवी म्हणाली. पेन्सिल तिने पुस्तकात खूण म्हणून ठेवली, म्हणजे बोलणे पूर्वीच ठरलेले होते. "वसतिगृहाच्या गच्चीवर. तिच्या गुडघ्यावर ताल धरून. आमच्या भजनांत, इथल्या सगळ्या गाण्यांत, ओळ तालाच्या मागून उचलायची रीत आहे. त्यांत बंड नाहीं. तें माझ्या बाबांच्या गळ्यांतलें आहे."

शिवरंजनीने गिटार खाली ठेवली. "मग हें तुम्ही कोठेंच लिहिलें कां नाहीं?"

"आपलें आपण लिहिणें माझें काम नव्हे."

"आत्या, तुमचें दुसरें काय काम होतें?"

ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून श्रीदेवीने दुसऱ्या दिवशी चेन्नईला फोन केला.

चेन्नईत कल्याणराम नावाचा एक सज्जन माणूस जुन्या कॅसेटींतली गाणी निवडून तबकड्या काढीत असे. 'एच्चिल'ची तबकडी त्याने सिद्ध केली होती. वेष्टनाचा नमुना श्रीदेवीकडे औपचारिकतेने आलेला होता. त्यावर लिहिले होते: संगीत, सीतालक्ष्मी. खाली, बारीक टाइपात, बेस आणि ड्रम. श्रीदेवीने त्याला वीस मिनिटे, एकदाही आवाज न चढवता, सांगितले की हे असत्य आहे.

"मॅडम, तुमचा ग्रंथ माझ्या टेबलावर आहे," तो म्हणाला. "तुमच्या शब्दावर मी सगळे बदलीन. पण उद्या कोणी मला विचारले तर दाखवायला काही हवे. ग्रंथात तर तुम्हीच..." त्याने वाक्य सभ्यपणे सोडून दिले. "आठ दिवस छपाई थांबवतो. काही कागद, काही टेप?"

टेप होती. भारती तालमी मुद्रित करून ठेवी; ती बारा वर्षांपूर्वी वारली तेव्हा तिच्या बहिणीने कॅसेटींचा डबा श्रीदेवीकडे पाठवला होता, कारण तिघींत वाचणारी ती. एकीवर भारतीच्या अक्षरात होते: गच्ची, तोंड धू, ऑगस्ट. श्रीदेवीने ती कधी ऐकली नव्हती. ज्या पुस्तकात काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे, ते पुस्तक विद्वान उघडीत नाहीत.

गावातल्या महामहम तलावाच्या उत्तर काठावर महालिंगचे दुकान होते. तो देवळांचे कर्णे दुरुस्त करी, आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या भजनांच्या कॅसेटींसाठी दोन यंत्रे चालती ठेवी. त्याने कॅसेटचे पाच स्क्रू काढले, आतली गळून पडलेली स्पंजाची चकती फुंकून टाकली, दुसऱ्या एका कॅसेटीतली चकती चिमट्याने काढून तिथे चिकटवली.

"एकदाच चालेल असे समजून ऐका, अम्मा. मी शेजारी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतो. एवढ्या जुन्या फितीचा भरवसा नाही."

आधी कावळे ऐकू आले. मग कोणीतरी स्टीलचे ताट सरकवले. मग सीतेचे हसणे, जे श्रीदेवीने पस्तीस वर्षांत ऐकलेले नसतानाही तिच्या पाठीच्या कण्याने तत्काळ ओळखले. ड्रम सुरू झाले, गिटार, बेस. आणि अर्धी मात्रा मागून, दारात चप्पल अडकावी तसा, तो आवाज आला.

वाद्ये थांबली.

"सीता, पुन्हा उशीर," एक मुलगी तामिळीत म्हणाली. आवाज थंड होता, धार लावलेला. "किती वेळा सांगायचे? एकावर ये. ही मैफल नव्हे, इथे ओळ आळवायची नाही." मग हाताचा तळवा कोणाच्या तरी गुडघ्यावर आपटला. "एक. एक. हा एक."

"येते ग. आण तुझा एक."

पुन्हा ड्रम. पुन्हा तळवा, एक, एक. पुन्हा आवाज, अर्धी मात्रा मागून.

"तुला तालच नाही," ती मुलगी म्हणाली.

मग तिसरा आवाज, लांबून, ड्रमच्या मागून. भारती. "असू दे की. उशिरा येते, पण जीव घेऊन येते. तिला नको बदलू, मी सांभाळते."

"मग राहू दे तिला जन्मभर उशिरा. माझे नाव मात्र ह्या गाण्यात घालू नका."

पुढे गाणे संपूर्ण होते, उशिरासकट. त्यात बेस अचूक वाजत होता, आणि ऐकणाऱ्याला कळावे इतका नाराज.

महालिंगने आवाज कमी केला. "ही रागावणारी कोण, अम्मा?"

श्रीदेवीने चष्मा काढला आणि पदराने पुसला. "होती आमच्यात एक."

"कान चांगला होता हो तिचा. तालाचे बरोबर सांगत होती." तो फीत मागे फिरवू लागला. "पण खरे सांगू, ती उशिरा येते तेव्हाच बरे वाटते."

गुडघा खरा होता. तळवा खरा होता. गच्ची, ऑगस्ट, कावळे, सर्व खरे होते. पस्तीस वर्षे तिने जी आठवण हिऱ्यासारखी जपली ती खोटी नव्हती, फक्त उलटी होती. जी मात्रा आपण दिली असे ती मानीत आली, ती मात्रा मोडून काढण्यासाठी तिने आपला हात लाल केला होता. आणि बाबांच्या गळ्यातली ती रीत सीतेत आपोआप आली होती, बहुधा घरच्या रेडिओवरून, जशी ती ह्या जिल्ह्यातल्या कोणत्याही मुलीत येते. भजनकऱ्याच्या मुलीनेच ती चूक म्हणून ओळखली होती.

महालिंग एका कर्ण्याच्या तारा सोडवीत होता. श्रीदेवी म्हणाली, "त्यातला एवढा एक तुकडा वेगळा करून द्याल का? 'एक, एक, हा एक' तिथून सुरू. 'आण तुझा एक'च्या नंतरचे ड्रम, तिचा आवाज, आणि तिथे बंद. 'तुला तालच नाही'च्या आधी."

"चाळीस सेकंद होतील."

"पुरेत."

त्याने तसे करून दिले. दोन नावांनी दोन तुकडे पेनड्राइव्हवर आणि तिच्या फोनवर ठेवले, पूर्ण आणि छोटा. कारण विचारले नाही. छोट्या तुकड्यात एक मुलगी ताल धरते, शिकवते, आणि दुसरी तिच्यामागून अर्ध्या मात्रेने उचलते. त्यात खोटा असा एकही स्वर नव्हता. अवतरण कोठे सुरू करावे आणि कोठे थांबवावे ह्यातच विद्येचा निम्मा व्यवसाय आहे, आणि श्रीदेवी त्या व्यवसायात तीस वर्षे निष्कलंक राहिली होती. ह्या क्षणी तिला त्याचा पश्चात्ताप होत होता.

तो तुकडा कल्याणरामला पाठवण्यापूर्वी सीतेला ऐकवण्याचे काही कारण नव्हते. पण मत्सराला न्याय पुरत नाही. त्याला समोरच्याचा चेहरा हवा असतो. ती सकाळच्या पॅसेंजरने सुंदरपेरुमाळ कोयिलला गेली.

सीतालक्ष्मीचे घर स्टेशनापासून दहा मिनिटांवर, भातखाचरांच्या कडेला होते. नवऱ्याच्या मागे ती शेती पाहत होती. मळणीच्या छपराखाली गिटारांच्या तीन पेट्या उभ्या होत्या आणि त्यांच्यावर उडदाची पोती. सीता सुपात उडीद पाखडीत होती. केस पांढरे, आखूड; पायात रबरी चपला. तिने वर पाहिले आणि सूप खाली ठेवले नाही.

"प्रोफेसरम्मा आल्या," ती तामिळीत म्हणाली. "आता काय चुकले माझे?"

"कॉफी दे आधी."

"आधी कॉफी, मग शिव्या. रीत सोडली नाहीस." ती आत जाऊन पितळेच्या दोन दबऱ्यांत, खोलगट वाट्यांत, कॉफी घेऊन आली. "तुझी भाची आली होती गेल्या रविवारी. चांगली वाजवते. तुझ्यासारखी नाही."

"म्हणजे?"

"तू बरोबर वाजवायचीस."

श्रीदेवीने कॉफी संपवली. मग फोन बाहेर काढला, दोघींच्यामध्ये उडदावर ठेवला आणि चाळीस सेकंदांचा तुकडा लावला. एक. एक. हा एक. येते ग, आण तुझा एक. ड्रम. आवाज.

सीतेने डोळे मिटून ऐकले. ज्या चेहऱ्यासाठी श्रीदेवीने तिकीट काढले होते तो चेहरा हळूहळू पसरत गेला, आणि हसला.

"तुझा हात. किती लागायचा ग. गुडघा रात्रीपर्यंत हुळहुळायचा."

"ती अर्धी मात्रा कोणाची, हे त्यात स्पष्ट आहे," श्रीदेवी म्हणाली.

"असेल तुझी. मला तर परवाचे आठवत नाही. तू सांगतेस म्हणजे तशीच असणार, तू सगळे लिहून ठेवतेस." तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर फेकला. "आणि मी त्या कल्याणरामाला मंगळवारीच सांगून टाकले. श्रीदेवीचे नाव घाल, म्हटले. एकटीचे घाल, भांडण नको."

"मंगळवारी?" त्या दिवशी श्रीदेवी महालिंगच्या दुकानात बसली होती. "मी काही सिद्ध करण्याआधी?"

"तुला हवे होते ना. त्याने फोन करून सांगितले की तुला हवे आहे. काय ग, एवढ्यासाठी तू आलीस? तीस वर्षांपूर्वी मागितले असतेस तर तेव्हाच दिले असते. मला त्याचे काय करायचे आहे? मुली येतात, अम्मा अम्मा करतात, उडीद निवडू लागतात, बरे वाटते. पण ते निबंध! एकीने पाठवला होता. दोन पाने वाचली आणि म्हटले ही कोण बाई आहे, फारच हुशार दिसते."

श्रीदेवीने आयुष्यात अनेक अपमान वाचले होते, वर्गीकृत केले होते. हा त्यांपैकी कोणत्याही वर्गात बसेना. जे तिने पस्तीस वर्षे दुसऱ्याच्या ताटात पाहून भूक जागवली ते ताटाच्या मालकिणीने हात पुसत पुढे सरकवले होते, घे, मला नको होते. चोरी करायलाही समोरच्याला वस्तू प्रिय असावी लागते.

"टेप एवढीच आहे?" सीतेने विचारले.

"का?"

"भारतीचा आवाज आहे का त्यात? बोलण्याचा. ड्रम नको, ड्रम कॅसेटवर आहेत." तिने सूप आता खाली ठेवले. "तिचा बोलण्याचा आवाज मला आठवतच नाही ग. खूप करते. ओठ दिसतात, आवाज येत नाही."

तो आवाज त्याच फोनमध्ये होता. तो श्रीदेवीने मंगळवारी, पूर्ण शुद्धीवर, चाळीस सेकंदांच्या बाहेर ठेवला होता, कारण तो तिच्या विरुद्धचा साक्षीदार होता. 'नाही' म्हणणे सोपे होते. जुन्या फितीचा भरवसा नसतो, हे महालिंगने सांगितलेलेच होते. नाही म्हटले असते तर वेष्टनावर नाव येणार होते, एकटीचे, सीतालक्ष्मीने दिलेले. आणि मरेपर्यंत प्रत्येक मुलीच्या तोंडून ऐकावे लागणार होते की सीताम्मांनी किती मोठ्या मनाने ते दिले. हा विचार तिने केला की नुसता तो येऊन गेला, हे तिला पुढेही ठरवता आले नाही. तिने पूर्ण तुकडा लावला.

कावळे. ताट. "सीता, पुन्हा उशीर." सर्व काही, एक शब्द न गाळता. 'तुला तालच नाही' येताना श्रीदेवी समोरच्या खाचराकडे पाहत राहिली. मास्तरीण वर्गाबाहेर उभी केलेली असावी तशी. मग भारती म्हणाली, असू दे की. उशिरा येते, पण जीव घेऊन येते.

सीतेने पदर तोंडाशी नेला.

माझे नाव मात्र ह्या गाण्यात घालू नका, असे फोन म्हणाला, आणि गाणे सुरू झाले, पण सीता ऐकत नव्हती.

"पुन्हा लाव. भारतीचे."

श्रीदेवीने लावले.

"पुन्हा."

चौथ्यांदा लावण्यापूर्वी तिने फोनवर बोट धरून ठेवले. "सीता, ऐकलेस ना तू? मी शिकवत नव्हते. मी तुला थांबवत होते. मी खोटे बोलले."

"ऐकले की. तू नेहमीच थांबवायचीस." सीतेने नाक पुसले. "त्यात नवीन काय आहे? भारती लाव."

श्रीदेवीचा पराभव इतका पूर्ण होता आणि तो पाहायला कोणी नव्हते. तिच्या समोर बसलेल्या एकुलत्या एका प्रेक्षकाला मेलेल्या तिसरीचा एक वाक्याचा आवाज हवा होता. परतीच्या गाडीत श्रीदेवीला शोध लागला की आता ती भारतीचाही मत्सर करते आहे.

घरी येऊन तिने कल्याणरामला पत्र लिहिले. चार वाक्ये, फापटपसारा नाही. 'माझा दावा निराधार होता. पूर्ण ध्वनिमुद्रण सोबत आहे. ते संपूर्ण वापरावे, अन्यथा वापरू नये. श्रेय सीतालक्ष्मी व भारती यांचे आहे, आणि सीतालक्ष्मी यांनी ते अन्य कोणास देऊ केल्यास स्वीकारू नये.' शेवटचे वाक्य तिने दोनदा वाचले. खरे सांगण्याचा आनंद होतो असे पुस्तकांत असते. तिला झाला तो दुसराच आनंद, सीतेचे औदार्य नामंजूर करण्याचा, आणि तो बराच टिकला.

कल्याणरामचे उत्तर तासाभरात आले. टेप विलक्षण होती. ती तबकडीच्या शेवटी, गच्चीवरच्या कावळ्यांसकट, जशीच्या तशी घालीत होता. दोन दिवसांनी ती त्याने इंटरनेटवर ऐकायला ठेवली. श्रीदेवीने शिवरंजनीला काही सांगितले नाही. सांगण्याची गरज राहिली नाही.

शुक्रवारी पाच वाजता मुली आल्या त्या नेहमीपेक्षा हळू बोलत. शिवरंजनी ओसरीपाशी आली, आत्याच्या पायांकडे पाहत उभी राहिली.

"ऐकलेंस," श्रीदेवी म्हणाली.

"हो."

"मग? मी तुला जें सांगितलें तें खोटें होतें. हसायचें असेल तर हसून घे. उद्या मला वेळ नाहीं."

"हसलों नाहीं आम्ही, आत्या." तिने मान वर केली. "आम्ही तो भाग गाण्याला जोडला आहे. सुरुवातीला. विचारायला आलें, चालेल का."

"कोणता भाग?"

"रागावण्याचा."

शिवरंजनीने उत्तराची वाट न पाहता अंगणात जाऊन गिटार उचलली. ड्रम सुरू झाले. गाण्याचा आवाज यायच्या ठिकाणी शिवरंजनी माइकवर ओठ टेकवून ओरडली, "सीता! पुन्हा उशीर! किती वेळा सांगायचें!" आणि दुसरी मुलगी अर्धी मात्रा मागून गाण्यात शिरली.

"थांबा," श्रीदेवी म्हणाली.

वाद्ये थांबली. ती चप्पल न घालता अंगणात उतरली. "हें काय आहे? भाजीवालीशीं भांडते आहेस? मी ओरडलें नव्हतें. ओरडणारी मुलगी दहा मिनिटांत विसरते. मी विसरणार नव्हतें."

"मग कसें?"

"हळू. 'पुन्हा'वर थांब. तिला ताल येत नाहीं ह्याचें तुला दुःख नाहीं; ती चुकते आणि तरी सगळे तिच्याकडेच बघतात, ह्याचा राग आहे. आवाज खाली ने. दांतांतून."

शिवरंजनीने म्हणून पाहिले. श्रीदेवीने मान हलवली. दुसऱ्यांदा म्हटले. श्रीदेवीने स्वतः म्हणून दाखवले, आणि ड्रमवरच्या मुलीच्या हातातली काठी वरच राहिली.

तिसऱ्यांदा शिवरंजनीने ते इतक्या शांतपणे, इतक्या धारेने म्हटले की मागच्या बेसवालीने नकळत पाठ ताठ केली. गच्चीवरच्या त्या मुलीलाही ते असे जमले नव्हते. तिच्या रागात उतावळेपणा होता. ह्या रागाला वय होते, जणू तो कोणीतरी पस्तीस वर्षे मुरवून हिच्या हाती दिला होता. बावीस वर्षांच्या पोरीने तो एका आठवड्यात उचलला होता. श्रीदेवीच्या छातीत ओळखीची कळ उठली.

"बरी झाली का, आत्या?"

"नाहीं," श्रीदेवी म्हणाली. "पुन्हा म्हण."